ताशी किती रुपये?

गेमांखाली खेळणारे जी मतं लिहितात, ती मी चवीने वाचतो. गेम खेळण्याइतकाच हाही उद्योग निरुपयोगी आहे, असं घरचे अधूनमधून ऐकवतात. पण या वाचनातून एका विशिष्ट जातीच्या मताशी गाठ पडली आणि आता ते दिसलं की माझं डोकं फिरतं. चित्रं अप्रतिम, संगीत अप्रतिम, असं काही आधी पाहिलंच नव्हतं, पण दोन तासांत संपला. सबब एक तारा. तीन वेळा हार घालायचा आणि चौथ्या वाक्यात थेट फाशी. या गृहस्थाला गेम आवडला की नाही? आवडला. मग शिक्षा कशाची? आवडणं लवकर आटोपलं, याची.

ज्या कोड्यांच्या गेमांचा सगळा जीव वातावरणात असतो, त्यांच्यावर हा खटला वर्षानुवर्षं चालू आहे. आरोपी बदलतात, आरोपपत्र तेच. मी इथे एक प्रकरण जरा तपशिलात घेतो, कारण त्याचे आकडे खुद्द बनवणाऱ्यांनी जाहीर केले आहेत आणि आकड्यांपुढे तरी लोक थोडे गप्प बसतात.

लंडनच्या 'अस्टू' या कंपनीने एप्रिल 2014 मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली' आयफोन-आयपॅडवर आणला. किंमत 3.99 डॉलर, लेव्हल दहा. आयडा नावाची पांढऱ्या पोशाखातली, टोकदार टोपीची चिमुकली राजकन्या आणि तिला वाट काढून द्यायची ती अशा इमारतींमधून, ज्या प्रत्यक्षात कुणी बांधूच शकणार नाही. शत्रू म्हणावेत तर वाटेत फेऱ्या मारणारे काळे कावळे. तेही मारत नाहीत. समोर येऊन ओरडतात आणि अडवतात. घड्याळ नाही, गुण नाहीत, 'गेम ओव्हर' नाही. ॲपलने त्याच वर्षी त्याला डिझाइनचा पुरस्कार दिला आणि आयपॅडवरचा वर्षातला सर्वोत्तम गेमही ठरवलं. पुढल्या वर्षी 'हाउस ऑफ कार्ड्स' मालिकेत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या आयपॅडवर तो खेळताना दिसला. थोडक्यात, कोपऱ्यात पडून राहिलेला, कुणी न पाहिलेला हिरा वगैरे प्रकार नव्हता.

आता यातली करामत काय आहे, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. कारण एक तारा देणाऱ्यांनी नेमकं तेवढंच पाहिलेलं नसतं. एरवी आपल्याला लांबची वस्तू लहान दिसते आणि त्यावरून अंतर कळतं. या गेमच्या कॅमेऱ्याला अंतर ठाऊकच नाही. लांबचा जिना आणि जवळचा जिना एकाच मापाचे दिसतात. त्यामुळे एखादा मनोरा फिरवला आणि त्याचं टोक दुसऱ्या गच्चीच्या कडेला पडद्यावर चिकटलेलं दिसलं, की गेमच्या लेखी ते खरोखरच चिकटतं. मधली दरी गेली कुठे, असा प्रश्न पडायच्या आत आयडा टुकूटुकू चालत पलीकडे पोचलेली असते. ही करामत जुनी आहे. डच चित्रकार एम. सी. एशरच्या 1961 सालच्या 'धबधबा' या मुद्राचित्रात पाणी पाटातून वाहत वाहत पुन्हा आपल्याच उगमाशी, वर, जाऊन पोचतं. ती युक्ती त्याला सापडली लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी 1958 मध्ये छापलेल्या अशक्य त्रिकोणात. (यातले चिरंजीव रॉजर पुढे 2020 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. रिकामटेकड्या डोक्याची करमणूक म्हणून त्रिकोण काढत बसणाऱ्यांना नावं ठेवताना हे लक्षात असू द्यावं.) एशरचं चित्र पाहणारा बाहेर उभा राहून चक्रावतो. इथे त्याला त्या पाटावरून चालता येतं, आणि तेही स्वतःच्या बोटाने पाट जुळवून.

तेव्हा या गेमचं 'वातावरण' वेगळं आणि 'कोडं' वेगळं अशी वाटणी करताच येत नाही. चित्र नीट पाहणं हाच कोड्याचा उलगडा. आठव्या लेव्हलमध्ये एक पेटी आहे. तिच्या बाजू उघडाव्यात तशी आतून दर वेळी वेगळीच वास्तू निघते. एका झाकणाआड जे होतं ते दुसरं झाकण उघडेपर्यंत नाहीसं झालेलं असतं. पाचव्या लेव्हलमध्ये ठोकळ्यांचा एक मुका खांब आयडाच्या मदतीला येतो. त्याला एकच डोळा आहे, शब्द एकही नाही आणि कामही फक्त सरकण्याचं. पण पुढे तो अडचणीत येतो तेव्हा खेळणाऱ्याच्या पोटात कालवतं. चार ठोकळ्यांबद्दल हे वाटायला लावणं किती अवघड आहे, हे ज्याने कधी काही लिहिलं, काढलं किंवा रचलं आहे त्याला विचारा.

नोव्हेंबर 2014 मध्ये कंपनीने आठ नव्या लेव्हल काढल्या. ज्यांना हव्यात त्यांनी 1.99 डॉलर द्यावेत, नको असतील त्यांचा जुना गेम होता तसाच राहील, इतका सरळ व्यवहार. तेव्हाच्या भावाने रक्कम सव्वाशे रुपयांच्या आत. आणि यावर काय झालं? आधी हा गेम विकत घेऊन पूर्ण केलेल्यांतले बरेच जण मुद्दाम परत आले आणि त्यांनी एक-एक तारा ठेवून दिला. त्यांचं म्हणणं: नव्या लेव्हल फुकट का नाहीत? हे लुटारू आहेत. कंपनीने यावर जाहीरपणे वाईट वाटल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे दुसऱ्या बाजूची मंडळी जागी झाली आणि पाच-पाच तारे देऊन तोल सावरू लागली. त्यातल्याही बऱ्याच जणांना गेमपेक्षा पहिल्यांची जिरवण्यात जास्त रस होता, अशी मला दाट शंका आहे. दोन्ही बाजूंनी तारे उधळले गेले, आणि त्या लेव्हल कशा होत्या यावर बोलायला फारसं कुणी उरलं नाही.

जानेवारी 2015 मध्ये कंपनीने हिशेबच मांडला. मूळ गेमला 55 आठवडे आणि 8 लाख 52 हजार डॉलर लागले होते. नंतरच्या आठ लेव्हलना 29 आठवडे आणि 5 लाख 49 हजार डॉलर. म्हणजे तुम्ही बसथांब्यावर उभ्याउभ्या संपवलेल्या एकेका लेव्हलमागे 68 हजार डॉलरच्या वर खर्च झालेला आहे. तोपर्यंत 24 लाखांवर प्रती विकल्या गेल्या होत्या आणि 58 लाख डॉलरच्या वर उत्पन्न आलं होतं. कुणी उपाशी मेलं नाही, हेही मान्य. पण त्याच दरम्यान कंपनीने आणखी एक आकडा सांगितला होता. अँड्रॉइडवर जितक्या वेळा हा गेम उतरवला गेला त्यापैकी फक्त 5 टक्के वेळा पैसे मोजले गेले होते. आयफोन-आयपॅडवर 40 टक्के. एकदा विकत घेऊन घरातल्या दोन-तीन उपकरणांवर टाकणारेही उरलेल्यांत येतात, असा खुलासा कंपनीनेच केला होता, तेवढी सूट द्यायला हवी. सूट देऊनही पंचाण्णवाचं तोंड झाकत नाही.

आपल्याकडे तर 'मॉड एपीके', म्हणजे गेमची फोडलेली फुकट प्रत, मागायला कुणी लाजतही नाही. 'आहे का रे क्रॅक?' हे 'चहा घेतोस का?'च्याच सुरात विचारलं जातं. हजारो रुपयांचा फोन खिशात, त्याला नवं कव्हर, काचेवर काच. आणि त्या फोनवरचा सगळ्यात देखणा गेम मात्र चोरून. मग तोच दादा सांगणार, 'गेम भारी आहे, पण व्हॅल्यू फॉर मनी नाही.' अरे, मनी कुठाय?

हे जे ताशी किती रुपये पडले याचं गणित आहे, ते एकदा शेवटपर्यंत सोडवून पाहू. ज्या गेमला जास्त तास लागतात तो चांगला, असं धरलं तर जगातला थोर गेम कोणता? जो कधीच संपत नाही तो. 2012 मध्ये आलेला 'कँडी क्रश सागा' घ्या. हजारो लेव्हल, प्रवेश फुकट. पाच जीव मिळतात, ते गेले की एकेक जीव परत यायला अर्धा तास. थांबायचं नसेल तर पैसे काढा किंवा मित्रांपुढे हात पसरा. तिथे तुमची अर्ध्या-अर्ध्या तासाची तगमग हाच विकण्याचा माल आहे. तो बनवणारी 'किंग' ही कंपनी विकत घ्यायला 'ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड'ने 5.9 अब्ज डॉलर मोजले. तुमच्या तासांचा भाव त्यांना बरोबर कळला होता. तुम्हाला मात्र दोन तासांत मोकळं करणारा लुटारू वाटतो आणि वर्षानुवर्षं खिळवून ठेवणारा दाता.

पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी पाहायला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात बसलेला प्रेक्षक एकांकिका तासाच्या आत संपली म्हणून तिकिटाचे पैसे परत मागत नाही. 'तीन अंकी का नाही केली?' असं तो विचारत नाही. ती फसली तर शिट्ट्या मारतो, हुर्यो करतो, कुठे फसली तेही भोवतालच्या दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. तोच प्रेक्षक घरी येऊन फोन हातात घेतो आणि अचानक किराणा दुकानदार होतो, हे मला समजत नाही.

या हिशेबीपणाला आता बाजाराने नियमाचं रूपही दिलं आहे. संगणकावरचे गेम विकणाऱ्या 'स्टीम'ने जून 2015 पासून अशी सोय केली की घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. गेम सुरूच झाला नाही, संगणकाला झेपला नाही, जाहिरातीत होतं ते नव्हतंच, अशा गिऱ्हाइकांसाठी नियम चांगलाच आहे. पण जो गेम मुळातच दीड तासाचा आहे त्याचं काय? 2021 मध्ये 'समर ऑफ फिफ्टीएट' या छोट्या भयकथेच्या गेमच्या कर्त्याने जाहीर केलं की आपण हे काम अनिश्चित काळासाठी सोडत आहोत; लोक गेम पूर्ण खेळतात, मतही चांगलं देतात आणि दोन तास व्हायच्या आत पैसे परत घेऊन जातात. जेवून, ढेकर देऊन, वर 'स्वयंपाक छान होता' असं सांगून ताटाचे पैसे परत मागणाऱ्याला हॉटेलवाला काय करील हे मी लिहीत नाही. इथे तो बटण दाबतो आणि पैसे येतात. अशा बाजारात शहाणा कर्ता काय करणार? तासाभराच्या गोष्टीत दीड तासाची धावाधाव घालणार. किल्ली आण, दार उघड, आत दुसरी किल्ली. मग तुम्हीच लिहिणार: 'मधे फार रेंगाळतो.'

दुसरी तक्रार मात्र मी अशी झटकून टाकणार नाही. 'मॉन्युमेंट व्हॅली' फार सोपा आहे, हे मत खरं आहे. बऱ्याच लेव्हलमध्ये हलवण्याजोगी वस्तू एका वेळी एखाददुसरीच असते. दांडा फिरवत राहा, कधीतरी वाट जुळतेच. डोकं चालवलं काय आणि बोट चालवलं काय, आयडा पोचते. ज्यांनी कधी गेमला हात लावला नाही त्यांनीही तो पूर्ण करावा, म्हणून हे जाणूनबुजून केलेलं होतं आणि ते साधलंही. पण जाणूनबुजून केलं म्हणून त्याची किंमत चुकत नाही. अशक्य वास्तूंची इतकी देखणी भाषा तयार केली आणि तिच्यात बालवाडीची वाक्यं लिहिली, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन. पेटीच्या लेव्हलमध्ये ही भाषा कुठवर जाऊ शकते याची चुणूक दिसते, आणि लगेच गेम उरकायला लागतो. हे मत आहे. यात गेम पाहिलेला आहे. 'छोटा आहे' यात फक्त घड्याळ पाहिलेलं आहे.

आणि आता आमच्या बाजूचे, या गेमांचे भक्त. हो, मीही त्यांच्यातच मोडतो, म्हणून जरा जास्तच. 'हा गेम नव्हेच, ही कविता आहे', 'हा अनुभव शब्दांत मावत नाही', 'ज्याला कळलं त्यालाच कळलं.' शब्दांत मावत नसेल तर लिहिता कशाला? या मंडळींना गेम म्हटलं की कमीपणा वाटतो, म्हणून उचलून कवितेच्या पाटावर बसवायचा. एकदा बसवला की मग प्रश्न विचारायचे नाहीत. 'मॉन्युमेंट व्हॅली'तली गोष्ट पातळ आहे. भेटणारं भूत पवित्र भूमितीबद्दल जे गूढगंभीर बोलतं त्यात गूढ कमी आणि गंभीर जास्त आहे. ही उणीव एकाही भक्ताने नजरेला आणून दिलेली मला आठवत नाही. एक तारावाला कृपण असेल, पण तो निदान काहीतरी मागतो. हे भक्त काहीच मागत नाहीत. धुकं, पियानो आणि एकटं चालणारं मूल दिसलं की यांची मान डोलायला लागते. आणि हे ध्यानात आल्यावर धुकं, पियानो आणि एकट्या मुलांचं पीक किती आलं ते कुठल्याही गेमच्या दुकानात डोकावून पाहा.

त्या पिकाचा मूळ बियाणेवाला म्हणावा असा 'लिंबो' कोपनहेगनच्या 'प्लेडेड'ने जुलै 2010 मध्ये आणला. काळा-पांढरा-करडा पडदा, जंगलात जागा झालेला मुलगा, एक शब्द नाही, एक सूचना नाही. त्याच्यावरही हेच: पंधरा डॉलरला तीन-चार तास, महाग पडला. पण त्याच्यावर एक खरी, दुखणारी टीका झाली आणि ती मला आजही पटते. पहिल्या अर्ध्या भागात जंगल आहे, पाय उगारत मागे लागणारा महाकाय कोळी आहे, सापळे लावून बसलेली दुसरी मुलं आहेत. तिथे प्रत्येक कोडं म्हणजे भीतीचा एक प्रकार आहे. कोळी आता पाय आपटणार, मग सापळा त्या पायाखाली सरकवायचा, ही युक्ती सुचते तीच मुळी घाबरल्यामुळे. दुसऱ्या अर्ध्यात कारखाना येतो. दातेरी चाकं, करवती, गुरुत्वाकर्षण उलटं करणारी बटणं. कोडी अधिक हुशार होतात आणि मुलगा कुठल्याही मुलासारखा होतो. त्याच्या जागी ठोकळा ठेवला तरी चाललं असतं. वातावरण भिंतीवरच्या रंगासारखं मागे उरतं. हे लिहायला कुणाला तास मोजावे लागले नाहीत. 'प्लेडेड'ने सहा वर्षांनी 'इन्साइड' काढला त्यात शेवटाकडे जे घडतं (ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी गप्प बसतो) तिथे कोडं, देह आणि किळस यांना एकमेकांपासून सोडवताच येत नाही. ती टीका त्यांनी वाचली होती की नाही, मला माहीत नाही. पण गेमवर लिहायचं असेल तर असं लिहावं, एवढं मला नक्की कळतं.

घरचंही एक उदाहरण घेतो, नाहीतर परक्यांनाच बोललो असं होईल. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 2020 मध्ये 'राजी' हा गेम काढला. तो प्रामुख्याने मारामारीचा, पण मधूनमधून मंडलं फिरवून जुळवायची कोडी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा आणि राजस्थानी वाड्या-गडांची वास्तू. 2017 मध्ये त्यांनी 'किकस्टार्टर'वर लोकांकडे वर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नव्हती. तरी गेम झाला आणि 2020 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमांच्या नामांकनात पोचला. त्याच्याबद्दल आपल्या लोकांची मतं वाचा. 'आपला आहे म्हणून पाच तारे.' 'भारतीय गेमला पाठिंबा द्या.' अरे, पण गेम? मारामारी काही काळाने तोचतोचपणाकडे झुकते, शेवट तर मधेच दिवे गेल्यासारखा येतो, आणि ती मंडलं सुंदर आहेत पण सोडवायला इतकी हलकी की हात लावताच उलगडतात. पाच तारे टाकून ही चर्चाच संपवली, तर त्या पोरांनी पुढला गेम कशाच्या आधारावर बनवायचा? वर्गणी मागितली तेव्हा खिसा आवळायचा आणि गेम आला की अभिमान सैल सोडायचा, हा पाठिंबा नव्हे.

तास, देश, भक्ती या तिन्ही वाटा एकाच कामातून सुटका करून देतात: समोर जे आहे ते पाहण्यातून. ज्या गेमांमध्ये पाहणं हाच खेळ आहे, त्यांच्याबाबतीत तर ही शुद्ध कामचुकारी आहे.

तेव्हा एवढंच करा. 'मॉन्युमेंट व्हॅली' खेळला नसेल तर विकत घ्या. मॉड एपीके नको, एका पिझ्झाहून कमी पैसे पडतात. दोन तासांत संपेल, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर दचकायला नको. आवडला नाही तर खुशाल एक तारा द्या, माझी काही हरकत नाही. फक्त कितव्या लेव्हलमध्ये काय फसलं तेवढं त्याखाली लिहा.